बायको टीव्हीत आली तेव्हा मी पत्र्यावर होतो

माझी बायको एकदा टीव्हीत आली होती. सरकारी टीव्हीवर, संध्याकाळच्या मराठी कार्यक्रमात. अख्ख्या चाळीनं बघितलं. मी बघितलं नाही. तिला जाऊन आता दीड वर्ष होईल, आणि मला ते बघायचंय. गोष्ट एवढीच आहे, पण तिनं मला गेले सात-आठ महिने जागेवर बसू दिलेलं नाही.

तेव्हा आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहायचो. आता कुंभारीला असतो, कामगारांच्या वसाहतीत, तिच्याच नावानं मिळालेल्या घरात. पूर्व भागातली चाळ म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, वर पत्रे, मधोमध एक नळ. चाळीत बहुतेक तेलुगू माणसं, विणकामातली. आम्ही मोडनिंबकडचे. मी गिरणीत मागावर होतो आणि बायको घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हाताशी दोऱ्याचं रीळ. सकाळची भाकरी झाली की उंबऱ्यात बसायची ती दिवस मावळेपर्यंत. हातही चालू आणि तोंडही चालू. मी म्हणायचो, "तोंड बंद कर, बिड्या जास्त होतील." ती म्हणायची, "तुमचं तर दोनी बंद असतंय."

चाळीत टीव्ही एकच होता, शेजारच्या अक्काकडं. अक्का तेलुगू, बायकोपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी, तीही बिड्याच वळायची. तिच्या नवऱ्यानं कुठून तरी वापरलेला टीव्ही आणला होता. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं. संध्याकाळी दारं उघडली की चाळीतली पोरं, बाया, म्हातारी माणसं सगळी तिच्या खोलीत. चपला बाहेर एवढ्या पडायच्या की घरात पाय ठेवायला वाट नसायची.

पण चित्र नीट दिसेल तर शपथ. नुसत्या मुंग्या. मग कुणीतरी पत्र्यावर चढायचं आणि अँटेनाचा पाइप फिरवायचा. एक माणूस टीव्हीपुढं, एक दारात, एक वर. आतला ओरडायचा "आलं, आलं", दारातला तेच वर सांगायचा, तेवढ्यात आत "गेलं". वरचा माणूस तोवर आणखी फिरवून बसलेला. त्यात अर्धा कार्यक्रम संपायचा.

वर चढणारा बहुतेक वेळा मीच असायचो. कारण पाइप नुसता फिरवून भागत नव्हतं. मी पाइप हातात धरला की चित्र आरशासारखं स्वच्छ, सोडला की परत मुंग्या. दुसऱ्या कुणी धरला तर तेवढं यायचं नाही. का ते मला आजही माहीत नाही. अक्काचा नवरा म्हणायचा, "तुझ्या अंगात गिरणीचं लोखंड उतरलंय." सगळे हसायचे आणि मला वर पाठवायचे.

एक दिवस मी पहिल्या पाळीवरनं घरी आलो तर बायको ठेवणीतलं लुगडं नेसून बसलेली. म्हटलं, कोण मेलं का लग्न हाय?

"टीव्हीवाले आल्ते," ती म्हणाली. जीपमधून दोन माणसं आणि एक बाई मुंबईहून आली होती. बिड्या वळणाऱ्या बायकांवर कार्यक्रम करायचा होता. बिडीच्या कारखान्यातनं त्यांना आमच्या चाळीचा पत्ता दिला. उंबऱ्यात बसवून, दिवे लावून, आवाज नको म्हणून सगळ्या चाळीला लांब उभं करून, तिच्याकडनं बिड्या वळून घेतल्या आणि त्या बाईनं तिला प्रश्न विचारले.

"मी लई बोलले," ती म्हणाली.

"काय बोललीस?"

"सगळं."

"सगळं म्हंजे काय?"

"टीव्हीत आल्यावर ऐका की. आत्ताच सांगितलं तर मजा काय ऱ्हायली?"

मी पायतण काढत होतो. म्हणालो, "त्यात काय ऐकायचंय? रोज घरात ऐकतोय आन् रोज बघतोय."

हे मी म्हणालो. कुणी दुसऱ्यानं म्हटलेलं नाही. ती चहाला पाणी ठेवायला उठली.

कार्यक्रम कधी लागणार ते टीव्हीवाल्या बाईनं सांगून ठेवलं होतं. दोन-तीन आठवडे गेले. ते दिवस तिनं कसे काढले ते सगळी चाळ सांगेल. नळावर, कारखान्यात, किराणा दुकानात, जो भेटेल त्याला वार आणि वेळ. मोडनिंबला माझ्या भावाला पत्र घालायला लावलं मला. भावाच्या गावात तेव्हा टीव्ही नव्हता, पण पत्र घातलं.

तो दिवस नेमका अक्काच्या धाकट्या पोरीचा पहिला वाढदिवस होता. अक्कानं मोठं पातेलंभर चिंचेचा भात केला होता, पोरांच्या हातात द्रोण दिले होते. उन्हाळ्याचे दिवस. साडेसहाला कार्यक्रम होता आणि सहालाच खोली भरली. बायकोला मधोमध पुढं बसवलं. केसात गजरा माळला होता. अक्काचा नवरा बटण फिरवतोय आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

लोक पुढं बरीच वर्षं म्हणायचे, बघा, बायकोसाठी उन्हात उभा राहिला. खोटं आहे ते. मला चाळीसमोर बायकोला टीव्हीत बघायची लाज वाटत होती. ती पडद्यावर आल्यावर सगळी माझ्या तोंडाकडं बघणार, कुणीतरी कोपरखळी मारणार, ते मला नको होतं. अँटेना बिघडली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मी कुणी सांगायच्या आधी शिडी लावली.

पत्रा दिवसभर तापलेला. पायाखाली पोतं टाकलं आणि पाइप धरला. खालून "आलं, आलं, हलू नका!" मी हललो नाही. दारातली बाई दर दोन मिनिटाला ओरडायची, "धरा, धरा, सोडू नगा!" खोलीतनं आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. गडी माणसाचा आवाज बराच वेळ चालला होता. मधे एकदा सगळ्या बायका गलका करून हसल्या. मला वाटलं, आली वाटतं. मान वाकवून बघितलं तर पत्र्याच्या कडेखाली नुसत्या चपला दिसत होत्या. माझे दोन्ही हात पाइपला. अर्धा तास झाला असेल. मग दारातनं आवाज आला, "उतरा आता, झालं."

उतरलो तर बायको दारात उभी. मी विचारलं, "कशी दिसलीस?"

"बरी दिसले," ती म्हणाली आणि घरात गेली.

कार्यक्रम परत दाखवतील असं मला वाटलं होतं. नाही दाखवला. पुढं आमच्या घरी टीव्ही आला, रंगीत आला, तो गेला, दुसरा आला. पण ती बाकी कुठलं चॅनल लावायची नाही. तेच सरकारी मराठी. शेतकऱ्यांचे प्रश्न, सातच्या बातम्या, कुठल्या कुठल्या गावची भजनी मंडळं. आमची शेती कधीच भावाकडं गेली होती, तरी ही उसावरच्या किडीचं औषध मन लावून ऐकायची. मी मधनं मधनं विचारायचो, "त्या दिवशी काय बोलली होतीस ते तरी सांग."

"टीव्हीवाल्यांना विचारा," ती म्हणायची.

ही आमची कायमची थट्टा झाली. निदान मी तरी थट्टाच समजत होतो. पोराच्या लग्नात विचारलं, नातू झाला तेव्हा विचारलं, दवाखान्यात विचारलं. छातीचं दुखणं होतं तिला, शेवटी बोलताना धाप लागायची. तेव्हाही तेच. "टीव्हीवाल्यांना..." एवढंच म्हणाली आणि हसली. त्यानंतर चार दिवसांनी गेली.

घरात तिचा फोटो एकच. बिडी कामगाराच्या कार्डासाठी काढलेला. तो मोठा करून भिंतीवर लावलाय. चौकीत बसवल्यासारखा चेहरा आलाय. त्याच्याकडं बघून मला तिची आठवण येत नाही. उलट आलेली आठवण जाते.

ती गेल्यावर मी टीव्ही लावायचोच नाही. एकदा दुपारी सुनेनं लावला. सून मला मामा म्हणते, तिला तिची मालिका बघायची होती. चॅनल बदलता बदलता सरकारी मराठीवर जुन्या ठेवणीतला कार्यक्रम दिसला. कुठल्या तरी गावच्या बायका, नऊवारी, डोक्यावर पदर, रंग उडालेला. खाली लिहून येत होतं, जुन्या आठवणी म्हणून.

"थांब," मी म्हणालो. "बदलू नगो."

"मामा, माझी मालिका सुरू होईल."

"होऊ दे. तुझ्या मालिकेतली बाई उद्या पण रडणारच हाय."

ती हसली आणि रिमोट माझ्या हातात देऊन गेली. तेव्हा डोक्यात आलं. यांच्याकडं जुनं ठेवलेलं असतं तर. मग तीपण असेल की.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की मी टीव्हीपुढं. पंधरा दिवस, महिना. लोककला आली, मुलाखती आल्या, पिकं आली. बिड्या आल्या नाहीत. सुनेनं फोनवर शोधून बघितलं, दोन रविवार घालवले बिचारीनं. नाही सापडलं.

मग मी उठलो आणि शहरात टीव्हीचा मनोरा आहे तिथं गेलो. दारावर एक माणूस, पुढं आत खुर्चीवर दुसरा, चष्मा लावलेला. त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं, हे कबूल केलं पाहिजे.

"आजोबा, इथं काही ठेवत नाहीत," तो म्हणाला. "मुंबईहून येतं, आम्ही पुढं पाठवतो. एवढंच."

"म्हंजे पोस्टमन."

"तसंच समजा."

"पोस्टमनला निदान पत्र कुणाचं हाय ते तरी कळतंय."

तो हसला. एका कागदावर मुंबईच्या कार्यालयाचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाला, "साधं लिहा. जे सांगितलं तेच लिहा."

मी चौथी शिकलोय. सही करायच्या पलीकडं कागदाला हात लावायची वेळ फारशी आली नाही. तरी पत्र मीच लिहिलं. सून म्हणाली मी लिहिते, मी नको म्हणालो. तीन वेळा लिहून काढलं, मग पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. खरं तर येईल असं वाटलं नव्हतं. छापील कागद, खाली शाईची सही. आपले पत्र मिळाले. कार्यक्रमाचे नाव व दाखवल्याचा दिनांक कळवल्यास शोध घेता येईल. त्या काळातील सर्व टेप उपलब्ध असतीलच असे नाही.

नाव मला माहीत नव्हतं. तारीख तर अजिबातच नाही. गिरणी चालू होती, पोरगा शाळेत होता, उन्हाळा होता, एवढंच. सून म्हणाली, "मामा, त्या दिवसाचं दुसरं काही आठवतंय का? कुणाचं लग्न, कुणी वारलेलं?"

तेव्हा चिंचेचा भात आठवला. अक्काच्या पोरीचा पहिला वाढदिवस. पोरीची जन्मतारीख मिळाली की झालं, त्यात एक वर्ष मिळवायचं.

अक्का अजून त्याच भागात राहते, चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा गेला. गुडघे गेलेत, जिना उतरत नाही. बायकोच्या दहाव्याला तिला आणायला रिक्षा केली होती, त्यानंतर आम्ही भेटलो नव्हतो. मला दारात बघून म्हणाली, "अय्यो अण्णा, वाळून काटकी झालाव की. सून जेवायला घालती का न्हाय?"

"घालती. मीच खात न्हाय."

"मग माझ्याकडं काय उपाशी मरायला आलाव? बसा."

तिनं चहा ठेवला. मी पोरीची जन्मतारीख विचारली. तिनं लगेच सांगितली, आयांना ती विचार करून सांगावी लागत नाही. मी खिशातल्या कागदावर लिहून घेतली. मग तिनं विचारलं, "तारीख कशाला पाहिजे? पोरगी दोन पोरांची आई झाली, आता पत्रिका बघायलाव का काय?"

मी सांगितलं. दुपारचे कार्यक्रम, मनोरा, मुंबईचं पत्र, सगळं. ती ऐकत होती. चहा उतू गेला तरी उठली नाही. मी उठून गॅस बंद केला.

"अण्णा," ती म्हणाली, "ती टीव्हीत आलीच न्हाय."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हटलं, "अक्का, तुझ्याच घरात बघितलं तुमी सगळ्यांनी. मी वर पाइप धरून हुतो."

"व्हय. पण ती आली न्हाय."

मग तिनं सांगितलं. अर्धा तास कार्यक्रम चालला. कारखान्याचा साहेब बोलला, एक पुढारी बोलला, मोठ्या घरातली एक बाई बोलली, तिनं उभ्या जन्मात बिडी वळली नसेल. पोरं तर साहेब बोलायला लागल्यावरच भात घेऊन पळाली. बायका वाट बघत बसल्या. बायकोला विचारलेलं, तिनं सांगितलेलं, त्यातलं एक अक्षर दाखवलं नाही. तोंड दाखवलं नाही. शेवटी शेवटी नुसते हात दाखवले, बिडी वळताना. वरनं गडी माणसाचा आवाज चालू होता.

"कुणाचे हात ते पण आमाला कळंना. मी म्हटलं, कुणाचे तरी असतील. तर ती म्हणाली, 'माझे हाईत. ती बघा, माझी बांगडी.' आमी सगळ्या हसलो. आमाला काय माहीत तिला लागलंय."

मी वर ऐकलेला गलका तो.

"आन् मग संपलं की. ती उठंना. रडायली हुती. तुमाला उतरा म्हणून सांगायच्या आधी तिनं सगळ्यांना हात जोडले. म्हणाली, 'त्यांना सांगू नगा. एवढ्या तापल्या पत्र्यावर उभे हाईत. माझ्यापायी उभे हाईत आन् मी आलेच न्हाय म्हटल्यावर त्यांना वाईट वाटंल.' शपथ घातली. चाळीतल्या एका बाईनं पण मोडली न्हाय, बगा. दुसरी कुठली गोष्ट त्या बायकांच्या पोटात दोन दिवस ऱ्हात नव्हती."

अक्कानं कपात चहा ओतला, मी तो गार होईपर्यंत तसाच ठेवला.

"मी बोलले म्हणून रागावलाव का?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"आता ती न्हाय, म्हणून बोलले. तुमी उगा मुंबईला पत्रं पाठवायलाव. त्यात तोंड न्हायच."

परत येताना बसमध्ये मला खिडकी मिळाली. मी सगळी वर्षं मोजत बसलो नाही, पण प्रत्येक वेळ आठवली जेव्हा मी विचारलं आणि ती हसली. मला वाटायचं ती मला झुलवतेय. ती लपवत होती ते हे! मीच वर तोंड लपवायला चढलो होतो आणि ती खाली रडून, मला कळू नये म्हणून तोंड धुऊन दारात उभी राहिली. दोघांनी एकमेकांना एवढं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत हसून मोकळे झालो असतो. मी म्हटलं असतं, त्यांच्या कॅमेऱ्यात तुझं तोंड मावलं नसेल. तिनं मला लाटणं फेकून मारलं असतं.

काय बोलली होती ते आता कुणालाच माहीत नाही. त्या जीपमधल्या बाईला तेवढं माहीत, तीही आता म्हातारी झाली असेल, किंवा नसेल. असली तरी तिला अशा किती बायका आठवणार?

घरी आल्यावर सुनेला सांगितलं. ती हातातलं काम ठेवून खाली बसली. मग म्हणाली, "मामा, मग आता राहू द्या ना. कशाला जिवाला त्रास?"

"का ऱ्हाऊ दे? तारीख मिळालीय."

"पण त्यात आत्या दिसतच नाहीत."

"हात दिसतात की."

तिला ते कळलं की नाही माहीत नाही. कागद आणि पेन आणून दिलं. मी पाटावर कागद ठेवून बसलो. तारीख लिहिली. नाव माहीत नाही, बिडी कामगार बायकांवर आहे, असं लिहिलं. मग लिहिलं की पूर्ण कार्यक्रम नको, साहेबाचं आणि पुढाऱ्याचं भाषण नको, शेवटी हात आहेत तेवढे पाहिजेत. तोंड नसलं तरी चालेल.

मग वाटलं, टेपमध्ये आणखी बायकांचे हात असतील तर यांनी कसं ओळखायचं? म्हणून खुणा लिहायला बसलो. काचेची बांगडी, ती बांगडी अक्कानं सांगितली म्हणून. बोटं आखूड, शेवटचं पेर रुंद. पहिल्या बोटाचं नख तंबाखूनं काळं पडलेलं. अंगठ्याला कात्रीचा घट्टा, हरभऱ्याएवढा. भाकरी उलटताना तो गरम तव्याला टेकला तरी तिला कळायचं नाही. पान दुमडताना करंगळी बाहेर काढायची सवय.

इथपर्यंत हात भराभर चालला. मग घट्टा कुठल्या अंगठ्याला ते लिहायचं होतं. मी डोळे मिटून बघितलं. माझाच हात कात्रीसारखा धरून बघितला. सुनेला हाक मारून विचारलं, तिलाही सांगता येईना. चाळीस वर्षं त्या हातचं खाल्लं. भिंतीवरच्या फोटोत हात नाहीत.

सून म्हणाली, "अंदाजानं लिहा, कोण बघतंय."

मी अंदाजानं लिहिलं नाही. खाली लिहिलं, घट्टा उजव्या अंगठ्याला आहे की डाव्या ते मला आठवत नाही. तेच बघायला टेप पाहिजे. मग सही केली.